पन्नास अंड्यांचं घरगुती इनक्युबेटर: नाशिकच्या हवेत आर्द्रता सांभाळतानाचा अनुभव

तापमानाच्या बाबतीत मशीनला पैकीच्या पैकी गुण. पंखा आहे, त्यामुळे साडेसदतीस अंश लावले की आत सगळीकडे तेवढंच राहतं. अंडी फिरवणारी मोटरही बिनबोभाट चालते. थंडीत सुरू केलेलं हे मशीन उन्हाळा काढून आता पावसाळ्यातही चालू आहे, आणि या सगळ्या महिन्यांत डोकं खाल्लं ते एकाच गोष्टीने. आर्द्रता.

पहिली तक्रार पडद्यावरच्या आकड्याची. मिठाची चाचणी घरच्या घरी होते: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चिखलासारखं ओलं होईल इतकंच पाणी घालायचं, ते झाकण आणि सेन्सर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा 75 टक्के आला पाहिजे. माझ्या मशीनचा सेन्सर बराच वर दाखवत होता. म्हणजे पडद्यावर छान 55 दिसत असताना आत चांगलंच कोरडं असायचं. वेगळा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं उपकरण, आणला, तोही आधी मिठात तपासला. ज्यांना सेलवरच्या उपकरणांवर भरवसा नाही त्यांनी साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओली सुती वात गुंडाळावी. मशीन साडेसदतीसवर असताना ओलं थर्मामीटर साडेएकोणतीसच्या आसपास असेल तर आर्द्रता साधारण 55 टक्के, साडेबत्तीसला 70 टक्के.

आता नाशिकची हवा. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. जानेवारीत निफाडकडे सकाळी धुकं असतं, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि माणूस म्हणतो की बाहेर एवढी ओल आहे तर मशीनमध्ये पाणी कशाला? पण थंड हवेत मुळात पाण्याची वाफ फार थोडी मावते. बारा अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची हवा आत जाऊन साडेसदतीसला तापली की तिची आर्द्रता 15 टक्क्यांवर येते. म्हणजे धुक्याची सकाळ आणि एप्रिलची रखरखीत दुपार, अंड्याच्या दृष्टीने दोन्ही जवळजवळ सारखीच. थंडीत मशीनमधले पाण्याचे दोन्ही कप्पे भरलेले लागतात, वर एखादा स्पंजही. उलट श्रावणात बाहेर 25 अंश आणि 80 टक्के असताना तीच हवा तापून 40 टक्क्यांच्या आसपास राहते, अंड्यांतून उडणारं पाणी त्यात भर घालतं. जुलै-ऑगस्टमध्ये पहिले अठरा दिवस मी कप्पे कोरडेच ठेवतो. मशीनसोबत आलेल्या कागदावर बाराही महिने पाणी भरा असं छापलंय. ते बहुधा भलत्याच हवेचा विचार करून लिहिलेलं असावं.

पाणी किती खोल आहे याला अर्थ नाही, पृष्ठभाग किती मोठा याला आहे. उथळ ताट खोल वाटीपेक्षा जास्त काम करतं. आर्द्रता वाढत नाही म्हणून हवेची भोकं बोळे लावून बंद करणारे मी पाहिलेत. तसं करू नका, शेवटच्या दिवसांत पिल्लांना प्राणवायू जास्तच लागतो. आणि बोअरचं पाणी टाळा. आमच्या मखमलाबादकडच्या जड पाण्याने स्पंज पांढरे, कडक झाले, मग त्यांतून पाणी उडेनासं झालं. पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी बरं.

पण खरं सांगायचं तर हे टक्के म्हणजे साधन, मोजायचं ते अंडं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 12 ते 13 टक्के कमी व्हायला हवं, कारण तेवढं पाणी कवचाच्या छिद्रांतून बाहेर गेलं की आत हवेची पोकळी पुरेशी होते. पिल्लू कवच फोडण्याआधी पहिला श्वास त्याच पोकळीत घेतं. पाणी कमी उडालं तर पिल्लू फुगीर, पोकळी लहान, आणि टोच मारायच्या आधीच आत गुदमरतं. जास्त उडालं तर आतलं पापुद्र्याचं अस्तर सुकून पिल्लाला चिकटतं आणि त्याला फिरताच येत नाही. मेलेलं अंडं फोडून पाहिलं की यातलं काय झालं ते बऱ्याचदा कळतं. ओंगळ काम आहे, पण करावं.

मी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा वापरतो. गावठी दहा अंडी एकत्र 480 ग्रॅम भरली तर अठरा दिवसांत साठेक ग्रॅम जायला हवेत, म्हणजे दर सहा दिवसांनी वीस. कमी जात असेल तर पाणी काढा, जास्त जात असेल तर वाढवा. वांझ अंडी बाजूला काढली की त्यांचं वजन हिशेबातून वगळायचं. लहान किंवा पातळ कवचाच्या अंड्यांतून वजनाच्या मानाने पाणी वेगाने जातं, म्हणून कडकनाथ आणि गिरिराज या जातींची अंडी एकाच वेळी घालणं मी बंद केलं.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता 65 ते 70, आणि झाकण बंद म्हणजे बंद. हे सगळ्यात अवघड. पिल्लू टोच मारून तासन्‌तास गप्प बसतं, घरातली सगळी येऊन काचेला नाक लावतात. आमच्या आत्याबाई तर म्हणाल्या, "अरे, काढ की त्याला, किती वेळ कोंडून ठेवशील!" पण एकदा झाकण उघडलं की ओली हवा क्षणात निघून जाते आणि टोचलेल्या अंड्यांतलं अस्तर सुकतं. पोटात बलक असल्याने जन्मलेली पिल्लं दिवसभर दाणापाण्यावाचून आत आरामात राहतात. शिवाय ओल्या पिल्लांमुळे आर्द्रता आपोआपच वर चढते.

उन्हाळ्याबद्दल एक इशारा: मशीन गरम करतं, गार करत नाही. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ते ठेवू नका, पाणी कितीही भरलं तरी अंडी जातील. वीज जाण्याची बाजू घरचा इन्व्हर्टर सांभाळतो.

वर्षाला दोन-तीन खुडूक कोंबड्या बसवून भागत असेल तर हे मशीन घेऊ नका, कोंबडीला हे सगळं न शिकवता येतं. सतत पिल्लं हवी असतील तर घ्या, पण वाफ सोडणारं यंत्र लावलेलं महाग मॉडेल नको. तोच चुकीचा सेन्सर त्या वाफेलाही हुकूम देणार. साधं मॉडेल, वजनाचा काटा आणि एक वेगळा हायग्रोमीटर, मी पुन्हा घेतलं तर हेच घेईन.