आरशाची पेटी: कामाची आहे, पण पेटीवरचं वाचू नका

पक्षाघाताने ह्यांचा डावा हात गेला, त्यानंतर फिजिओथेरपीच्या बाईंनी ही घडीची आरसापेटी सुचवली. लुळा हात पेटीत, धडधाकट हात आरशापुढे. आरशात बघत उजव्या हाताची मूठ उघडमीट करायची आणि झाकलेल्या हातानेही तेच करू पाहायचं. डोळ्यांना वाटतं, डावाच हलतोय! ही युक्ती १९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी हात गमावलेल्यांच्या वेदनांसाठी काढली, पुढे ती पक्षाघातातही वापरात आली.

आरसा काचेचा नाही, म्हणून हलका. पण कडेला प्रतिमा वाकडी दिसते, त्यामुळे हात मधोमधच हवा. उजव्या हातातली अंगठी, घड्याळ आधी काढा. आरशातल्या ‘डाव्या’ हातात घड्याळ दिसलं की फसवणूक तिथेच उघडी पडते. बूड गुळगुळीत आहे. ह्यांनी जरा जोर लावला की पेटी टेबलावरून सरकते. शेवटी मी खाली रबरी चटई घातली.

आता पेटीवरचा मजकूर: ‘मेंदूच्या तुटलेल्या तारा जोडा’. मेलेल्या पेशी काही परत येत नाहीत. जखमेच्या कडेच्या शाबूत पेशी नवे फाटे फोडतात आणि गेलेलं काम थोडंथोडं अंगावर घेतात. सुरुवातीला लुळा हात हलवताना मेंदूची दुसरी, न दुखावलेली बाजूही जास्त राबते. हात चांगला सुधारला तर बहुधा भार पुन्हा मूळ बाजूकडे सरकतो. पण हे सगळं वापरावर चालतं. मेंदूचे संशोधक नुडो यांच्या १९९६च्या प्रयोगात मेंदूला छोटी इजा झालेल्या माकडांकडून हाताचा सराव करून घेतला, तर मेंदूतला हाताचा शाबूत भाग टिकला. सराव न झालेल्यांत तो आक्रसला होता.

म्हणजे पेटी हे सरावाचं एक निमित्त. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यातही (यात एका उपचारावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासतात) आरशाचा उपयोग इतर उपचारांच्या जोडीला म्हणूनच मान्य केलाय. आमच्याकडे पेटीनंतर लगेच खरी कामं असतात: टॉवेलची घडी, बाटलीचं झाकण. ह्यांना त्याचा कंटाळा येतो, आरशाचा येत नाही. पेटीचा खरा फायदा मला तोच वाटतो.

बोटं जराही हलत नसतील तरी चालते. शेजारी बसून लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर मात्र पडून राहील. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा त्या घसरत्या बुडासाठी कापला, एक छापील थापेसाठी.