झेनोडो: विदर्भातल्या संशोधकांनी आपला डेटा इथे ठेवावा का?

पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो आणि शोधनिबंध नियतकालिकात छापला जातो; पण ज्या मोजण्या, मुलाखती, छायाचित्रे आणि संगणकीय आज्ञावलींवर हे सगळे उभे असते, त्या बहुधा संशोधकाच्या लॅपटॉपमध्ये किंवा विभागाच्या कपाटातल्या एखाद्या हार्डडिस्कवरच राहतात. असा डेटा ठेवण्यासाठी झेनोडो ही मोफत सेवा मी काही वर्षांपासून वापरते आहे. नागपूर परिसरातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत काम करणाऱ्यांना मी तिची मनापासून शिफारस करते. मात्र तिच्याकडून कोणती अपेक्षा धरू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

गरज खरी आहे. वनस्पती आणि प्राण्यांच्या मोजमापांवर आधारलेल्या, १९९१ ते २०११ या काळात प्रसिद्ध झालेल्या ५१६ शोधनिबंधांचा मूळ डेटा मागून पाहणारा एक अभ्यास २०१३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. निबंध जितका जुना, तितका त्याचा डेटा मिळणे दुरापास्त होत जाते आणि मिळण्याच्या शक्यतेचे प्रमाण दर वर्षामागे १७ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसून आले. लेखकांचे बंद पडलेले ईमेल पत्ते आणि कालबाह्य साधनांवर अडकलेल्या फायली ही त्यामागची मुख्य कारणे होती. नागपुरात याला आणखी एक कारण जोडावे लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीनंतर अंबाझरी तलावाचे आणि नाग नदीचे पाणी आसपासच्या वस्त्यांच्या तळमजल्यांत शिरले, तेव्हा एकाच इमारतीत ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे प्रत्यक्षात एकच प्रत, हे शहराने पाहिले. संस्थेच्या गूगल ड्राइव्हवर सगळे टाकून निश्चिंत होणेही बरोबर नाही. पदवी मिळाल्यावर किंवा नोकरी सुटल्यावर ते खाते पुष्कळदा बंद होते, आणि शैक्षणिक संस्थांना मिळणारी अमर्याद साठवण संपवून प्रत्येक संस्थेसाठी १०० टीबीची सामाईक मर्यादा घालण्याचा निर्णय गूगलने २०२१ मध्येच जाहीर केला होता.

झेनोडो २०१३ मध्ये सुरू झाले. युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने चालणारा ओपनएअर प्रकल्प आणि जिनिव्हाजवळची सर्न ही कण-भौतिकीची प्रयोगशाळा यांनी ते उभे केले, आणि फायली सर्नच्याच डेटा केंद्रात राहतात. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. पण झेनोडोवर खाते उघडायला त्याचीही अट नाही. कोणत्याही देशातील, कोणत्याही विषयाचा संशोधक तेथे डेटा ठेवू शकतो. सर्न असेपर्यंत ठेवींची जपणूक होईल, आणि सर्नचा प्रायोगिक कार्यक्रम किमान पुढील २० वर्षांसाठी आखलेला आहे, असे झेनोडोच्या धोरणात म्हटले आहे. खासगी कंपनीच्या मोफत योजनेपेक्षा हा आधार मला कितीतरी भक्कम वाटतो.

वापरायला ही सेवा सोपी आहे. ऑर्किड या संशोधकांच्या ओळखक्रमांकाने किंवा ईमेलने खाते उघडावे, फायली चढवाव्यात, शीर्षक, लेखक, वर्णन आणि परवाना (इतरांना डेटा कोणत्या अटींवर वापरता येईल ते) भरावा, की नोंद तयार होते आणि तिला डीओआय हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक मिळतो. संकेतस्थळाचा पत्ता पुढे बदलला तरी डीओआय त्याच नोंदीकडे नेतो, म्हणून संदर्भसूचीत निबंधाप्रमाणे डेटाचाही उल्लेख करता येतो. प्रसिद्ध झालेल्या नोंदीचे वर्णन नंतर सुधारता येते. फायली मात्र सहजासहजी बदलता येत नाहीत, त्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागते. अनेकांना हे जाचक वाटते. माझ्या मते झेनोडोचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय आणि सर्व आवृत्त्यांना मिळून एक सामाईक डीओआय असतो, त्यामुळे काटोलच्या संत्राबागांमधील विहिरींची पाणीपातळी कोणी दर हंगामात नोंदवत असेल, तर कोणता निष्कर्ष कोणत्या वर्षापर्यंतच्या आकड्यांवर काढला हे वाचकाला नेमके कळते. आर किंवा पायथन या संगणकीय भाषांत काम करणाऱ्यांसाठी, आज्ञावली ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाची जोडणीही आहे. तेथे आज्ञावलीची नवी आवृत्ती जाहीर केली की तिची प्रत आपोआप झेनोडोवर जतन होते.

आता मर्यादेकडे येते. ठेवलेली फाईल बिघडली नाही ना, हे झेनोडो तपासबेरजेने (फाईलच्या आशयावरून काढलेल्या, फाईल बदलल्यास बदलणाऱ्या खुणेच्या अंकाने) पाहते; ती फाईल पुढे कोणाला उघडता येईल आणि उघडल्यावर समजेल, याचे आश्वासन मात्र देत नाही, आणि धोरणात तसे स्पष्ट लिहिले आहे. मराठीत काम करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. झाडीबोली या पूर्व विदर्भातील बोलीतल्या मुलाखतींची टिपणे जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये टंकलेली असतील, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर ती निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. जिनिव्हात ती कितीही जपली तरी उपयोग नाही. म्हणून ठेवण्याआधी सर्व मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि रूपांतरात बिघडलेली जोडाक्षरे व रफार हाताने तपासणे, हे काम कंटाळवाणे असले तरी अनिवार्य आहे. एक्सेलचेही तसेच. साध्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाईल) पर्यायाने फाईल साठवली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि मूळ अक्षरे त्या फाईलमधून परत मिळत नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा. शेतांच्या नोंदी करणाऱ्यांनी सर्व्हे नंबरचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ प्रकारचा करावा, नाहीतर १२/३ ही पोटहिस्स्याची नोंद एक्सेल तारीख म्हणून वाचते. या सवयीपुढे जनुकशास्त्रज्ञांनाही हात टेकावे लागले: तारखेसारखी दिसणारी काही मानवी जनुकांची चिन्हे नामकरण समितीने बदलली, आणि २०२० मध्ये तसे मार्गदर्शक नियमही प्रसिद्ध केले.

डेटाबरोबर एक माहितीपत्र हवेच. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, उपकरण, मोजणीची जागा, आणि रिकामी चौकट म्हणजे शून्य की मोजणी झालीच नाही, हे त्यात पूर्ण वाक्यांत लिहावे. हे प्रबंध संपल्यावर लिहायला बसलो, तर निम्मे आठवत नाही. म्हणून फिल्डवर्कच्या पहिल्या आठवड्यातच ते सुरू करावे, आणि मार्गदर्शकांनी प्रगती अहवालासोबत ते मागून घ्यावे. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून ते मागते.

सगळाच डेटा मात्र खुल्या भांडारात ठेवण्याजोगा नसतो. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर बरेच काम होते, आणि एखाद्या लहान गावातील रुग्णाचे वय, जमात आणि आजार एवढे सांगितले तरी माणूस ओळखता येतो. नाव गाळणे पुरेसे नाही. झेनोडोवर फायली मर्यादित ठेवून मागणी आल्यावरच दाखवण्याची सोय आहे, तसेच ठरावीक तारखेपर्यंत त्या बंद ठेवता येतात. परंतु नोंदीचे शीर्षक आणि वर्णन तेव्हाही सर्वांना दिसते. संमतिपत्रात डेटा इतरांना देण्याची परवानगी घेतलेली नसेल, तर तो तेथे ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे. गोंडी भाषकांची गाणी आणि कथा ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनी तर परवान्याचा प्रश्न त्या गावकऱ्यांसमोर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण एकदा दिलेली खुली परवानगी परत घेणे अवघड असते.

एका नोंदीत साधारणपणे ५० जीबी आणि १०० फायली मावतात. प्रश्नावल्या, प्रयोगशाळेतील मोजण्या आणि मुलाखतींना हे भरपूर आहे. ड्रोनने टिपलेल्या बागांच्या छायाचित्रांना अपुरे पडू शकते. ठेवलेल्या डेटाची विषयतज्ज्ञांकडून तपासणी होत नाही, तेव्हा झेनोडोवरचा डीओआय म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. संकेतस्थळ इंग्रजीत आहे. शीर्षक आणि वर्णन देवनागरीत देता येते, आणि मी दोन्ही भाषांत देते, कारण या डेटाचे पहिले वाचक विदर्भातलेच असतात. रोज बदलणाऱ्या, अपुऱ्या डेटासाठी ही जागा नाही. काम चालू असताना तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, ही जुनी शिस्तच पाळावी लागते.

प्रबंध सादर करण्याच्या तयारीत असलेल्यांना एक सूचना करते. झेनोडोवर नोंद प्रसिद्ध करण्यापूर्वीच तिचा डीओआय राखून ठेवता येतो. तो घेऊन संशोधनपद्धतीच्या प्रकरणात छापावा आणि मौखिक परीक्षा झाल्यावर नोंद प्रसिद्ध करावी. शोधगंगेवर प्रबंध वाचणाऱ्याला मग त्याच पानावरून मूळ आकड्यांपर्यंत जाता येते.