304 सांगून 410 चे स्क्रू गळ्यात मारले, पत्र्याचं काम करणाऱ्यांनी नक्की वाचा

कोल्हापुरात फॅब्रिकेशनची कामं करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून जे पातळ एसएस (स्टेनलेस स्टील) पत्र्यात टॅपिंग स्क्रू, म्हणजे स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू, मारतात त्यांच्यासाठी. 304 आणि 410 ही एसएसची दोन ग्रेड, 304 ओलीत टिकणारं महागडं आणि 410 स्वस्तातलं. आम्हाला सॅम्पल 304 चं दाखवलं आणि माल 410 चा दिला, शिवाय त्यात साध्या लोखंडाचे, वरून चकचकीत मुलामा (प्लेटिंग) दिलेले पण मिसळलेले. करायला एवढं सोपं आहे हे की अजून कितीजणांकडं असा माल गेला असेल देव जाणे.

आमचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, वडिलांनी चालू केलेलं. एका गावच्या दूध संस्थेचं काम होतं, संकलनाच्या खोलीत काउंटर आणि फॅट मशीन ठेवायची कपाटं, सगळं 304 च्या 0.8 एमएम पत्र्यात. तिथं सकाळ संध्याकाळ दूध झालं की गरम पाणी आणि सोडा मारून पाइपनं धुतात, त्यामुळं स्क्रू पण 304 चेच पाहिजेत असं संस्थेनं आधीच लिहून घेतलेलं. 8 नंबरचे म्हणजे 4.2 एमएमचे, पॅन हेड, अर्धा इंची. दुकानदार जुना ओळखीचा, नाव लिहीत नाही. त्यानं मूठभर सॅम्पल दिलं, आम्ही चुंबक लावून बघितला, टेस्टिंगचं लिक्विड टाकून बघितलं, एकदम ओके. कोटेशनवर 304, नंतर आलेल्या डब्यांवर 304 चं स्टिकर, डबा फोडला की वरच्या थरातले स्क्रू पण बरोबर. बिलावर तेवढं 'एसएस स्क्रू' आणि एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) 7318 एवढंच छापलेलं. हा 7318 कोड लोखंडी स्क्रूला पण तोच आणि स्टेनलेसला पण तोच, म्हणजे बिल पक्कं, जीएसटीसकट, आणि तरी त्या बिलावरून नक्की कुठला माल विकला ते सिद्धच होत नाही. डोकं बघा कसं चालवलंय.

काम करताना पोरं खूश होती. म्हणाली, "दादा, ह्यावेळचे स्क्रू लोण्यात सुरी जावी तसे जातायत." 304 चा स्क्रू 304 च्या पत्र्यात असा कधी जात नाही. 304 ला हीट ट्रीटमेंट देऊन कडक करताच येत नाही, स्क्रू आणि पत्रा जवळपास सारखेच मऊ, म्हणून एकमेकाला धरतात, चावतात, जोर दिला तर डोकंच तुटून हातात येतं. तिथं भोक जरा मोकळं ठेवावं लागतं, आट्याला थोडा साबण नाहीतर मेण लावायचं आणि मशीन कमी स्पीडवर, क्लच सेट करून चालवायचं, नाहीतर पातळ पत्र्यात आटे जातात आणि स्क्रू नुसता गरगर फिरतो. 410 चं उलटं आहे, तो तापवून कडक केलेला असतो म्हणून सरळ घुसतो. 410 वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, कोरड्या जागी चांगलं काम देतो, आणि बाजारात जे एसएसचे सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे टोकानं स्वतःच भोक पाडणारे, स्क्रू मिळतात ते बहुतेक 410 चेच असतात कारण 304 ची टोकं लोखंडात भोक पाडूच शकत नाहीत. कोण 304 चा सेल्फ ड्रिलिंग म्हणून देत असेल आणि तो जीआय पर्लिनमध्ये (शेडच्या छताखालच्या जस्त चढवलेल्या लोखंडी पट्टीत) सरळ घुसत असेल तर एकतर तो बायमेटल असणार, म्हणजे बॉडी 304 ची आणि टोक कार्बन स्टीलचं जोडलेलं, आणि त्याचा रेट बघूनच कळतं, नाहीतर तो 304 नाही, विषय संपला.

पाऊस चालू झाला आणि सचिवांचा फोन आला. जाऊन बघतोय तर पांढऱ्याशुभ्र पत्र्यावर प्रत्येक डोक्याखालून तांबूस ओघळ, खालपर्यंत आलेले, काही स्क्रूंच्या खाचेत बोट लावलं की तपकिरी भुकटी निघत होती. चेअरमन काही वाईट बोलले नाहीत, "तुमच्या वडिलांनी केलेली कामं अजून उभी हायत की ओ" एवढंच म्हणाले, आणि मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

एवढ्या लवकर का गंजलं तेपण सांगतो. 410 मध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास आणि निकेल जवळपास नसतंच, 304 मध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, आणि निकेल महाग म्हणूनच ही सगळी हेराफेरी. त्यात मोठा 304 चा पत्रा आणि त्यात बारका, हलक्या ग्रेडचा स्क्रू, वर सतत ओल, मग बॅटरीसारखी क्रिया चालू होते आणि झीज सगळी त्या बारक्या स्क्रूच्या वाट्याला येते. लोखंडी स्क्रू जीआय पत्र्यात जेवढा टिकला असता तेवढा एसएस पत्र्यात टिकत नाही.

आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळं धातू टेस्ट करणाऱ्या लॅब जवळच आहेत, तिथं काढलेले आणि डब्याच्या तळातले न वापरलेले असे दोन्ही स्क्रू दिले. रिपोर्टात बहुतेक 410, आणि काही तर साधं लोखंड, वरून प्लेटिंग. रिपोर्ट घेऊन दुकानात गेलो तर उत्तर काय, "अहो दादा, एसएस म्हणजे एसएसच की, 410 काय लोखंड हाय व्हय? आणि चुंबकाला 304 पण चिकटतंय, इंटरनेटवर बघा." ह्यात अर्धं खरं आहे म्हणूनच माणूस गप्प बसतो. 304 चा स्क्रू थंड अवस्थेत दाबून, आटे रोल करून बनवतात त्यामुळं थोडासा चुंबक धरतो हे बरोबर आहे. पण धरणं आणि उडी मारून चिकटणं ह्यात फरक आहे, दोऱ्याला स्क्रू बांधून चुंबक जवळ न्या, 304 चा जरासा ओढला जाईल, 410 चा नाहीतर लोखंडाचा खाडकन जाऊन बसेल.

चुंबकावर पूर्ण भरवसा मात्र ठेवू नका, कारण 202 नावाचा अजून एक प्रकार आहे, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, तो चुंबकाला जवळपास धरत नाही आणि तरी ओलीत गंजतो. तो पकडायला भंगारवाले वापरतात ते 9 व्होल्टची बॅटरी आणि लिक्विडवालं किट घ्या, थेंब टाकून बॅटरी लावली की 202 वर रंग लाल होतो. आणि प्लेटिंगवालं लोखंड पकडायला तर आपल्या शेतकऱ्यांच्या घरात असतं तेच मोरचूद (कॉपर सल्फेट) पुरे, पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला वापरतात ते. स्क्रूचं डोकं स्वच्छ कानशीनं घासून आतला धातू उघडा करायचा, मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब सोडायचा, बघता बघता घासलेली जागा तांब्याच्या रंगाची झाली तर तो 304 नाही हे पक्कं. मोरचूद विषारी आहे, अन्नाला लागणाऱ्या भांड्यावर, पत्र्यावर हा प्रयोग करू नका आणि हात धुवा.

टेस्ट वरच्या थराची करू नका हे तर हात जोडून सांगतो. डबा पूर्ण कागदावर ओता, तळातले घ्या, प्रत्येक डब्यातले घ्या. बारक्या टॅपिंग स्क्रूच्या डोक्यावर ग्रेडचा शिक्का बहुतेक नसतोच, त्यामुळं स्टिकरला काही अर्थ नाही. बिलावरच्या वर्णनात '304 पॅन हेड टॅपिंग स्क्रू 4.2' असं ग्रेडसकट छापून घ्या, मोठा लॉट असेल तर टेस्ट सर्टिफिकेट मागा. जो दुकानदार 304 विकतोय त्याला बिलावर 304 लिहायला काय अडचण आहे?

सगळे स्क्रू आम्ही आमच्या खर्चानं बदलून दिले, त्यात कितीतरी डोकी तुटली, ड्रिल मारून काढावी लागली. डाग काढताना लोखंडी तारेचा ब्रश पत्र्याला लावू नका, त्याचे कण पत्र्यात रुतून परत गंज दिसतो, नायलॉनचा हिरवा स्क्रबर वापरा आणि पत्र्याच्या रेषेच्या दिशेनंच घासा.

तक्रारीचं म्हणाल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, पण धंद्यासाठी घेतलेला माल 2019 च्या ग्राहक कायद्यात बसत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला तेवढी सूट आहे. आम्ही त्या सूटीत बसतो असं वकिलांचं मत आहे. कोटेशन, स्टिकर लागलेला एक न फोडलेला डबा आणि लॅबचा रिपोर्ट त्यांच्याकडं दिलाय आणि दुकानदाराला नोटीस गेली आहे.