मे महिन्यात आधी कुठलं पूर्ण करायचं? गोधडी, क्विल्ट, षटकोनं की दुपटं

कपाटात तीन-चार अर्धवट कामं पडलीयेत, बाहेर मे महिना पेटलाय, घामाने जीव नकोसा झालाय आणि तरी हात शिवशिवतायत. मग आता काढायचं काय? बहुतेक जणी म्हणतात जे आधी सुरू केलं ते आधी संपव. मला हे मुंबईच्या उन्हाळ्यात अजिबात पटत नाही. इथे फक्त दोन गोष्टी बघायच्या, मांडीवर किती कापड येतंय आणि इस्त्री किती वेळा तापवावी लागतेय, कारण मुंबईत पारा ३३-३४ च्या आसपासच असतो पण हवेतला दमटपणा असा की घाम सुकतच नाही, आणि त्यात मांडीवर तीन थरांचं कापड घेऊन बसणं म्हणजे दुपार वाया.

आधी जुन्या साड्यांची हातशिलाईची गोधडी घेऊ, कारण सगळ्यात जास्त अर्धवट हीच पडलेली असते. एका नऊवारीचे चार तुकडे केले की साधारण दोन-दोन मीटरचे होतात, त्यातले दोन शेजारी जोडले की डबल बेडचा एक थर होतो, असे तीन-चार थर आणि वरून धावदोरा. आता गंमत बघा, गावाकडे गोधड्या उन्हाळ्यातच शिवतात. शेतीची कामं थंडावलेली असतात, अंगणात किंवा ओसरीवर गोधडी पसरायची, चार बायका चार कोपऱ्यांना बसायच्या, गप्पा मारत ओळी घालायच्या. म्हणजे अडचण गोधडीत नाहीच, ती मांडीवर घेण्यात आहे! गावच्या बायका ती जमिनीवर ठेवतात आणि स्वतः कडेला बसतात, फक्त जेवढा भाग शिवायचाय तेवढाच हाताखाली. आपल्या वन रूम किचनमध्ये पलंग आणि कपाटाच्या मधल्या फरशीवर हेच करता येतं, अर्धी गोधडी गुंडाळून ठेवायची आणि अर्धी पसरायची, फरशी गार असते तो फायदा वेगळाच. सकाळी सात ते नऊ मस्त काम होतं. दुपारी नाही, दुपारी सुई घामाने बोटात सरकत नाही, कापडातून ओढताना अडकते, आणि ओढून ओढून टाके आवळले जातात ते नंतर धुतल्यावर चुण्या होऊन दिसतात. बोटांना थोडी टाल्कम पावडर लावली की बरंच बरं होतं.

पण ज्यांच्याकडे फरशीवर एवढी जागाच नाहीये, किंवा गुडघे खाली बसू देत नाहीत, त्यांनी ही गोधडी मे महिन्यात काढूच नये, सरळ दिवाळीनंतर काढावी. थंडीत तीच मांडीवर उबदार वाटेल.

मशीनवरचं पॅचवर्क क्विल्ट हे वेगळं प्रकरण आहे. याचे दोन भाग करून बघा. वरचा थर जोडायचा बाकी असेल तर उन्हाळ्यात चालतं, तुकडे छोटे असतात, पाव इंचाची शिलाई मारत जायचं, अंगावर काही येत नाही. त्रास फक्त इस्त्रीचा, कारण प्रत्येक जोड दाबल्याशिवाय पुढचा कोपरा जुळत नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे दिवसभराचे जोड शिवून एका ताटात ठेवायचे, तोवर नुसतं नखाने दाबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या एकदाच इस्त्री लावून सगळं उरकायचं. पण वरचा थर तयार आहे आणि आता मधे फायबरची शीट घालून तीन थर एकत्र शिवायचेत, असं असेल तर मी म्हणेन ठेवून द्या. घरगुती मशीनच्या सुईच्या उजवीकडे जागा कमी असते, मोठं क्विल्ट गुंडाळून तिथून सरकवावं लागतं, उरलेला सगळा भार खांद्यावर आणि मांडीवर येतो, आणि पॉलिएस्टरची शीट हवा खेळू देत नाही, त्यामुळे पंखा फुल असला तरी पाठीवरून धार लागते. शिवाय घामाच्या हाताने कापड नीट सरकत नाही, टाके लहानमोठे पडतात, ते उसवण्यात अजून चार दिवस जातात. एवढं सगळं करून ते क्विल्ट पांघरणार कधी, डिसेंबरातच ना.

(फिकट कापडावर ओळी आखायला जांभळ्या शाईचं ते आपोआप उडणारं पेन वापरत असाल तर सांभाळा, दमट हवेत ती शाई लवकर उडते, चहा पिऊन येईपर्यंत निम्म्या ओळी गायब. गडद कापडावर मात्र टेलर लोक वापरतात तशी अंगाच्या साबणाची सुकलेली पातळ चकती जास्त भरवशाची.)

आता षटकोनं. कागदाच्या षटकोनावर कापड दुमडून टाचायचं आणि मग हाताने एकाला एक जोडत जायचं. एक इंच बाजूच्या षटकोनाला अडीच इंचाचा चौकोन पुरतो, म्हणजे ब्लाउजपीसच्या उरलेल्या चिंध्यासुद्धा चालतात. उन्हाळ्यासाठी याच्यासारखं काम नाही, मी हे अगदी ठामपणे सांगते. मांडीवर काही नाही, टाचायला इस्त्री नाही, मशीन नाही, लाईट गेली तरी खिडकीत बसून होतं. एका छोट्या स्टीलच्या डब्यात वीसेक तुकडे, सुईदोरा आणि छोटी कातर घेतली की बोरिवलीहून सुटणाऱ्या स्लो ट्रेनमध्ये चर्चगेटपर्यंत बसल्या बसल्या एक-दोन फुलं (मधे एक षटकोन, भोवती सहा) जोडून होतात, मात्र बसायला जागा असेल तरच, उभ्याने गर्दीत सुई काढायची नाही. कागदासाठी जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं छान, पण छापलेला भाग नको, घामाच्या बोटांनी लाल-सोनेरी शाई कापडावर उतरते. कमी बाजू एकच, हे काम संपत नाही. डबल बेडचं काढलं असेल तर या मे महिन्यात काय पुढच्याही मे महिन्यात होणार नाही, म्हणून ज्याला जूनच्या आत काहीतरी पूर्ण झालेलं बघायचंय त्याने फक्त याच्यावर अवलंबून राहू नये. उशीच्या अभ्र्याएवढं करून थांबलं तरी चालतं की.

पूर्ण झालेलं बघायचं असेल तर दुपटं. साधारण एक मीटर चौरस, मऊ जुन्या सुती साडीचे दोन थर, मधे काहीही भरायचं नाही, कडेने गोट लावायचा, बस. वजन नाही, पसारा नाही, आणि उन्हाळ्यात जन्मलेल्या बाळाच्या खाली घालायला यापेक्षा चांगलं काही नाही. नातेवाइकांत कुणी बाळंतीण व्हायची असेल आणि दुपटं अर्धवट असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हेच. दोन गोष्टी मात्र पाळाच. गाठी थरांच्या आत लपवा, बाहेर मोकळा दोरा राहिला की बाळाच्या बोटात अडकतो. आणि दुपटं डांबरगोळ्यांच्या कपाटात ठेवू नका, काही बाळांना जन्मतःच असा दोष असतो की नॅफ्थलिनमुळे त्यांच्या लाल रक्तपेशी फुटतात, आणि तो आधी कळतोच असं नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे.

जाता जाता एक, ज्यांना हाताची गोधडी आवडते पण थर टाचायचा कंटाळा आहे त्यांनी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघावी. त्या खाली साडी घेऊन कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि एकेक तुकडा ठेवून शिवत शिवत आत येतात, आधी सगळे थर टाचून ठेवायची भानगडच नाही. कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, फार देखणी दिसतात.

मग एका वेळी किती चालू ठेवायची? माझ्या मते दोन. एक घरचं, एक डब्यातलं. घरी दुपटं किंवा फरशीवरची गोधडी, बरोबर षटकोनं. तिसरं बाहेर काढलं की एकही काम पुढे सरकत नाही, आणि लहान घरात तीन पसारे म्हणजे घरच्यांशी रोजची कटकट.

जी कामं ठेवून देणार आहात त्यांचं काय करायचं हे मात्र आत्ताच ठरवा, कारण मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि अर्धवट कामाची खरी वाट तेव्हा लागते. थरांना लावलेल्या टाचण्या काढा आणि त्याजागी लांब लांब दोऱ्याचे टाके घाला, पावसाळाभर टाचणी राहिली की गंजते आणि तो तांबडा डाग सुती कापडातून सहजासहजी जात नाही. षटकोनांमधले कागदही बघा, ज्याच्या सहाही बाजू जोडून झाल्यात त्याचा कागद काढून टाका, दमट हवेत ते भिजल्यासारखे मऊ पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत काही कोंबू नका, जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.

आणि पुढच्या कामासाठी मंगलदास मार्केट किंवा हिंदमाताला जाऊन नवीन सुती कापड घेणार असाल तर तेही मे संपायच्या आत घ्या आणि लगेच धुवून टाका. शिवायच्या आधी धुतलं की आटायचं ते आटतं, रंग सुटायचा तो सुटतो, आणि आत्ता दोरीवर तासा-दोन तासात वाळणारं कापड जुलैमध्ये दोन दिवस पंख्याखाली ठेवलं तरी कुबट वास मारत राहतं.