यूएडब्ल्यू ४८११: पहिली सही करा, दुसरी थांबवा

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसीच्या दहापैकी कुठल्याही कॅम्पसवर टीए (टीचिंग असिस्टंट) किंवा रिसर्च असिस्टंट म्हणून रुजू झालात, की ओरिएंटेशनला युनियनचा माणूस भेटणारच. तुमच्याकडून दोन सह्या मागितल्या जातात: पहिली सभासदत्वाची, दुसरी राजकीय निधीची. तो माणूस आगंतुक नसतो. कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या एबी ११९ कायद्याने सरकारी मालकाला ओरिएंटेशनची सूचना युनियनला किमान दहा दिवस आधी द्यावी लागते आणि नव्या माणसाचा संपर्क-तपशील ३० दिवसांत कळवावा लागतो. आपल्याला युनियनचा मेल कसा आला याचं कोडं पडणाऱ्यांसाठी हे उत्तर.

युनियनचं नाव यूएडब्ल्यू ४८११. मूळ संघटना, युनायटेड ऑटो वर्कर्स, डेट्रॉइटच्या मोटार कामगारांची, म्हणून नाव ऐकून हसू येतं. पण ही शाखा सगळी विद्यापीठाची आहे: टीए, ट्यूटर, रीडर, रिसर्च असिस्टंट, पोस्टडॉक, अकॅडेमिक रिसर्चर, मिळून सुमारे ४८ हजार माणसं. २८६५ आणि ५८१० या दोन जुन्या शाखा एकत्र होऊन ती बनली. कॅलिफोर्नियात इंजिनिअरिंग किंवा बायोसायन्स करणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी ज्यांची यूसीत टीएशिप आहे, त्यांचा पगार याच युनियनच्या कराराने ठरतो.

वर्गणी एकूण पगाराच्या १.४४ टक्के, पगारातूनच कापली जाते. वर्षाला ३४,००० डॉलर मिळत असतील तर साधारण ४९० डॉलर. ज्या महिन्यात नेमणूक नाही, त्या महिन्यात कापणी नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या जेनस निकालापासून सरकारी नोकरीत सभासद नसलेल्याकडून एक पैसाही घेता येत नाही, आणि तरी करार त्याला लागू होतोच. त्यामुळे फुकटात भागत असताना पैसे का द्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. फरक एकच, पण मोठा: करार मंजूर करायचा की फेटाळायचा, या मतदानाला फक्त सभासद बसतो. २०२२ चा करार टीए-ट्यूटर गटात ६१.६ टक्क्यांनी आणि रिसर्च असिस्टंट गटात ६८.४ टक्क्यांनी मंजूर झाला. सांताक्रूझ, सांता बार्बारा, मर्सेड अशा कॅम्पसवर बहुमत विरोधात होतं. असं मतदान विभागलं जातं तेव्हा बाहेर उभं राहणं परवडत नाही.

आता राजकारणाकडे. या युनियनचा खरा कस तिथेच लागतो.

यूसीत टीएंना १९९९ मध्ये मान्यता मिळाली आणि २००० मध्ये त्यांचा पहिला करार झाला. रिसर्च असिस्टंट मात्र बाहेरच राहिले, कारण विद्यापीठ कर्मचाऱ्यांच्या १९७९ पासून लागू असलेल्या कायद्याचा अर्थ असा लावला जात होता की प्रयोगशाळेतलं काम हे शिक्षण आहे, नोकरी नव्हे. ते बदलायला सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाकडे, जाण्यावाचून मार्ग नव्हता. २०१२ मध्ये एक विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडलं आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ते नामंजूर केलं. पाच वर्षांनी राज्याच्या सिनेटर नॅन्सी स्किनर यांचं एसबी २०१ हे विधेयक आलं, आणि त्याच ब्राउन यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यावर सही केली. त्यानंतर १७ हजार रिसर्च असिस्टंटची मोट बांधायला आणखी चार वर्षं लागली: मे २०२१ मध्ये युनियनला पाठिंब्याची दहा हजारांहून जास्त कार्डं जमा झाली, फेलोशिपवाल्यांना विद्यापीठाने वगळायला बघितलं, संपाच्या मतदानानंतर डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आज तुमच्या लॅबमधला पगार कराराने बांधलेला आहे तो या कायद्यामुळे. याला राजकारण म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी कायद्याआधीच्या रिसर्च असिस्टंटला विचारावं.

२०२५ चंही श्रेय द्यायला हवं. केंद्र सरकारने यूसीएलएचं, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसचं, ५८ कोटी ४० लाख डॉलरचं संशोधन अनुदान रोखलं आणि वर एक अब्जाहून जास्त डॉलर मागितले. विद्यापीठ प्रशासन स्वतः कोर्टात गेलं नाही. गेली ती यूसीच्या प्राध्यापक आणि कर्मचारी संघटनांची आघाडी. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय न्यायाधीश रीटा लिन यांनी सरकारविरुद्ध मनाई हुकूम दिला. दुसरीकडे राज्याचे सिनेटर स्कॉट वीनर यांच्या एसबी ६०७ साठी, म्हणजे संशोधनाला २३ अब्ज डॉलरचे रोखे काढून तो प्रश्न नोव्हेंबर २०२६ च्या मतदानात नेण्याच्या प्रस्तावासाठी, युनियनने जोर लावला. तिथे विद्यापीठ आणि युनियन एकाच बाजूला होते. हे दृश्य दुर्मीळच.

इथे ती दुसरी सही येते. सभासदत्वाच्या कार्डासोबत किंवा काही दिवसांनी व्ही-कॅपसाठी विचारलं जातं. हा यूएडब्ल्यूचा राजकीय निधी, वर्गणीपासून वेगळा आणि पूर्ण ऐच्छिक; उमेदवारांना देणगी जाते ती अशा निधीतून. अमेरिकी कायद्याने परकीय नागरिकाला केंद्र, राज्य किंवा स्थानिक, कुठल्याही निवडणुकीसाठी पैसे देता येत नाहीत. अपवाद ग्रीन कार्डधारकांचा. म्हणजे एफ-१, जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर असाल तर व्ही-कॅपवर सही करायचीच नाही, महिना पाच डॉलरची असली तरी. टेबलावरचा स्वयंसेवक हे दरवेळी सांगेल असं धरून चालू नका. तोही तुमच्यासारखाच दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असतो, आणि त्याला समोरच्याचा व्हिसा चेहऱ्यावरून कळत नाही. सभासदत्वाला मात्र व्हिसाची आडकाठी नाही. युनियनमध्ये मत देता येतं, पदाला उभं राहता येतं.

२०२२ च्या करारात मिळालं काय? १४ नोव्हेंबर ते २३ डिसेंबर २०२२ असा संप चालला. संपकऱ्याला आठवड्याला ४०० डॉलर भत्ता, बदल्यात वीस तास पिकेटवर, म्हणजे फलक घेऊन धरणं. अर्ध्या नेमणुकीच्या टीएचा नऊ महिन्यांचा किमान पगार सुमारे २३,२५० वरून ऑक्टोबर २०२४ पर्यंत सुमारे ३४,००० झाला. बर्कली, यूसीएलए आणि सॅन फ्रान्सिस्कोला ३६,५००. आठ आठवड्यांची पगारी दीर्घ रजा मिळाली. आकडा नऊ महिन्यांचा आहे हे घरी फोनवर सांगताना विसरू नका. उन्हाळ्याची सोय वेगळी लावावी लागते.

निसटलं ते आपल्या लोकांना जास्त झोंबणारं. परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांवरची जादा फी, वर्षाला १५,१०२ डॉलर, रद्द करून घ्यायची मागणी होती. करारात आलं ते इतकंच: पीएचडी कँडिडसी, म्हणजे पात्रता परीक्षेनंतरचा टप्पा, गाठल्यावर तीन वर्षं ही फी माफ. ते धोरण विद्यापीठाचं आधीपासूनच होतं. करारात लिहिल्याने ते एकतर्फी काढून घेता येत नाही, एवढाच लाभ. कँडिडसीआधीची वर्षं गाइडच्या ग्रँटवर किंवा विभागाच्या मर्जीवर. मास्टर्सवाल्यांना तर काहीच नाही. आणि वाढलेल्या पगाराचे पैसे शेवटी विभागांच्या आणि गाइडच्या बजेटमधून जातात, त्यामुळे काही विभागांनी पीएचडीचे प्रवेश आखडले. हा खर्च कार्ड भरून घेताना कोणी बोलत नाही.

२०२४ चा संप हा या युनियनचा सर्वात वादग्रस्त अध्याय. यूसीएलएच्या पॅलेस्टाइन समर्थक छावणीवर ३० एप्रिलच्या रात्री हल्ला झाला, २ मे रोजी पोलिसांनी ती उठवली. करार चालू असताना संप न करण्याचं कलम असतं, म्हणून राजकीय मागणीसाठी थेट संप करता येत नाही. युनियनने वाट काढली: सभासदांच्या अभिव्यक्तीवर सूड उगवला, ही अनुचित कामगार प्रथा आहे, आणि संप तिच्याविरुद्ध आहे. १९,७८० मतांपैकी ७९ टक्के बाजूने पडली. २० मे रोजी सांताक्रूझ, मग यूसीएलए आणि डेव्हिस, मग सांता बार्बारा आणि सॅन डिएगो, शेवटी अर्व्हाइन असा एकेक कॅम्पस बाहेर पडला. राज्याच्या कामगार संबंध मंडळाने, पर्बने, संप थांबवायची विद्यापीठाची विनंती दोनदा नाकारली. मग विद्यापीठ ऑरेंज काउंटीच्या कोर्टात गेलं आणि ७ जूनला न्यायाधीश रँडल शर्मन यांनी तात्पुरती मनाई दिली. संप तिथेच संपला.

आमच्या मते कायदेशीर बाजू वाटते तितकी पोकळ नव्हती; पर्बचे दोन नकार उगाच नव्हते. पण हत्यार चुकीचं होतं. पगाराच्या संपात अडतं ते ग्रेडिंग, आणि ग्रेडिंग अडलं की विद्यापीठ चर्चेच्या टेबलावर येतं. इथे मागणीच अशी होती की टेबलावर आलेल्याला देण्यासारखं फार थोडं होतं. सॅक्रामेंटोत या युनियनची चिकाटी दिसते, पिकेटवर कधीकधी घाई.

रोजच्या वापरात युनियन कामाला येते ती तासांच्या हिशोबात. अर्धी किंवा त्याहून कमी नेमणूक असलेल्या टीएला आठवड्यात ४० तासांहून किंवा दिवसात आठ तासांहून जास्त काम लावता येत नाही. अर्ध्या नेमणुकीला क्वार्टरची मर्यादा २२० तास, सेमिस्टरची ३४०. पहिल्या आठवड्यात कामाचं लेखी वर्णन मागून घ्या आणि तास स्वतः एका शीटमध्ये टिपा. बहुतेक तक्रारी कोसळतात त्या इथेच: फायनलच्या आठवड्यात साठ तास तपासणी झाली हे खरं, पण नोंद नाही. नेमणुकीचं पत्र आलं की टक्का बघा. २५ टक्क्यांच्या खाली गेलात तर ट्यूशनमाफी हातची जाते. संपात उतरायचं असेल तर एफ-१ वाल्यांनी आधी कॅम्पसच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारावं. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा सल्ला धरू नये. पर्बकडे तक्रार करायची तर मुदत सहा महिने. करारातल्या तक्रारीची मुदत याहून बरीच कमी असते, म्हणून स्ट्युअर्डला, म्हणजे विभागातल्या युनियन प्रतिनिधीला, लगेच गाठा. स्ट्युअर्डचा दर्जा विभागागणिक बदलतो; आपला कच्चा वाटला तर शेजारच्या विभागातला गाठायला कुणाची ना नाही.

सभासदत्व सोडायचं असेल तर पगार खात्याला लिहून उपयोग नाही. २०१८ च्या एसबी ८६६ नुसार ते तुम्हाला परत युनियनकडेच पाठवतील. युनियनला लेखी कळवा, प्रत ठेवा, आणि पुढच्या दोन पगारपत्रकांत १.४४ टक्क्यांची ओळ गेली का ते बघा.