पाच डॉलरला एक चित्र: ओबर्लिन कॉलेजचं आर्ट रेंटल

"आजी, हात लावू नकोस हं. आधी नुसतं बघ."

नातीने टेबलावर उशी ठेवली, उशीवर चित्र उभं टेकवलं आणि मला खुर्ची ओढून दिली. मी कराडला शाळांत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. हेच वाक्य मुलांना किती वेळा सांगितलं याला गणती नाही. ते तिच्या तोंडून ऐकताना मला फार बरं वाटलं.

चित्र म्हणजे एक एचिंग होतं, धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा कोरून छापलेलं, उघडलेल्या वहीच्या दोन पानांएवढं. स्वयंपाकघर, उजवीकडे खिडकी, आणि टेबलाशी पाठमोरी उभी असलेली एक बाई काहीतरी सोलते आहे. बाईच्या पाठीवर रेघा इतक्या विरळ की उजेड कागदातूनच येतोय असं वाटावं. खालचा डावा कोपरा मात्र फार काळवंडलेला. मी नातीला समजावून सांगितलं की इथे प्लेट ॲसिडमध्ये जरा जास्त वेळ राहिली असणार, म्हणून शाई साचली आहे. साधी लाकडी फ्रेम, पाठीमागे संग्रहालयाचं लेबल. पोस्टर नव्हे, कॅलेंडरचं पान नव्हे, अस्सल मुद्राचित्र. डिसेंबरपर्यंत ते एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पलंगासमोर टांगलेलं राहणार होतं. भाडं पाच डॉलर.

मुलं परदेशी शिकायला पाठवणारे पालक कॉलेजचं रँकिंग बघतात, नोकऱ्या बघतात, हॉस्टेलचं जेवण बघतात. पण ओबर्लिन कॉलेज मुलांना अस्सल चित्रं खोलीत लावायला भाड्याने देतं, या एका गोष्टीबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ओबर्लिन हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं छोटंसं गाव, क्लीव्हलँडपासून गाडीने साधारण पाऊण तासावर. माझा मुलगा क्लीव्हलँडजवळ राहतो, त्यामुळे जाणं जमलं. कॉलेज १८३३ सालचं. १८३५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश खुला केला, आणि १८३७ मध्ये मुलग्यांच्याच पदवीच्या वर्गात चार मुलींना घेतलं. आपल्याकडे सावित्रीबाईंची भिडेवाड्यातली शाळा १८४८ची. त्याच्या अकरा वर्षं आधीची ही गोष्ट. कन्झर्वेटरी, म्हणजे संगीताचं महाविद्यालय, १८६५पासून त्याच आवारात आहे, म्हणून रस्त्याने चालताना कुठल्या ना कुठल्या खिडकीतून पियानो नाहीतर व्हायोलिन ऐकू येतंच.

कॉलेजचं स्वतःचं कलासंग्रहालय आहे, ॲलन मेमोरियल आर्ट म्युझियम. मूळ इमारत १९१७ची, न्यूयॉर्कची वूलवर्थ इमारत ज्यांनी आखली त्या वास्तुविशारद कॅस गिल्बर्ट यांची. आत कमानींचा चौक. शेजारची १९७७ची जोडइमारत रॉबर्ट व्हेंच्युरी यांची, तिची भिंत गुलाबी-तांबड्या दगडांच्या चौकड्यांची. बाहेर हिरवळीत क्लेस ओल्डनबर्ग यांनी १९७० साली केलेला विजेचा अवाढव्य प्लग अर्धा मातीत रुतलेला आहे. माझा मुलगा त्याच्याजवळच दहा मिनिटं घुटमळला. संग्रहालयात प्रवेश सगळ्यांना मोफत.

चित्रं भाड्याने द्यायची कल्पना एलन जॉन्सन या बाईंची. त्या इथेच शिकल्या आणि पुढे इथेच कलेचा इतिहास शिकवू लागल्या. १९४० साली त्यांनी हे सुरू केलं. मुलांनी चित्र संग्रहालयात उभ्या-उभ्या पाहून पुढे सरकू नये, त्याच्याबरोबर राहावं, एवढाच त्यामागचा विचार. फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेलं एक घर बाईंनी विकत घेऊन नीट दुरुस्त केलं, त्यात राहिल्या, आणि १९९२ मध्ये जाताना ते कॉलेजला देऊन गेल्या. मी त्यांना कधी भेटले नाही. पण त्यांच्याबद्दल वाचताना सारखं वाटत राहिलं, की एका शिक्षिकेने ठरवलं तर तिच्या पश्चातही मुलांच्या भिंतीवर चित्रं टांगली जातात.

भाड्याने द्यायच्या संग्रहात चारशेच्या आसपास चित्रं आहेत. पिकासो, रेन्वा, दाली, वॉरहॉल अशी नावं त्यात आहेत आणि फारशी कुणाला माहीत नसलेलीही आहेत. सत्राच्या सुरुवातीला वाटप होतं. एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त दोन चित्रं, प्रत्येकी पाच डॉलर. आणि जो रांगेत पुढे, तो आधी निवडणार.

त्यामुळे मुलं आदल्या रात्रीपासून मुक्कामाला येतात. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो होतो. दिवसा उकाडा आणि रात्री दव, असे दिवस. नात आणि तिच्या तीन मैत्रिणी झोपायच्या पिशव्या, थर्मास आणि मी केलेली थालीपिठं घेऊन बसल्या होत्या. मी साडेदहापर्यंत त्यांच्यात बसले. कुणी गृहपाठ करत होतं, कुणी पत्ते खेळत होतं. कन्झर्वेटरीचा एक मुलगा चेलो घेऊन आला होता, त्याने हळू आवाजात बराच वेळ वाजवलं. शेजारच्या अनोळखी मुलीने थालीपीठ चाखलं आणि त्यात काय-काय आहे ते वहीत लिहून घेतलं. धणे, जिरे, ज्वारी, चणाडाळ, उडीद भाजायचे कसे, हे मी तिला नातीच्या मदतीने सांगत होते आणि मागे चेलो चालू होता. ती रात्र मी विसरणार नाही.

खरा सोहळा सकाळचा. दार उघडल्यावर मुलं आत जाऊ लागली आणि थोड्या वेळाने एकेक बाहेर येऊ लागलं. मी समोरच्या कट्ट्यावर बसून फक्त त्यांचे हात पाहत होते. चित्र कसं धरायचं हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. वरच्या कडेला धरून लोंबकळवायचं नाही, एक हात खाली, एक बाजूला, चित्राचं तोंड अंगाकडे. इथे प्रत्येक मूल तसंच धरून येत होतं. एक मुलगा सायकलवर आला होता. त्याने सायकल तिथेच कुलूप लावून ठेवली आणि चित्र छातीशी धरून पायी निघाला. एका मुलीच्या मनातलं चित्र तिच्या आधीच्याने नेलं होतं. तिचे डोळे भरले होते, आणि तरी हातातल्या दुसऱ्या चित्राकडे ती मधूनमधून बघत होती. रस्ता ओलांडताना गाड्या थांबत होत्या. गावातल्या लोकांना हा दिवस माहीत आहे.

नात बाहेर आली ती हे एचिंग घेऊन. तिचा नंबर चांगला लागला होता, मोठ्या नावाचं काहीतरी सहज मिळालं असतं. मी विचारलं, "का गं, हेच का?"

"त्या नावाचं घेतलं असतं तर सगळे नाव बघायला आले असते, आजी."

संध्याकाळी सगळं हॉस्टेल एकमेकांच्या खोल्यांतून फिरत होतं. गणपतीत आपण घरोघरी आरास बघायला जातो, मला त्याचीच आठवण झाली. दारं उघडी, "तुझं काय?" म्हणत पोरं आत येतात, जमिनीवर फतकल मारून बसतात. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका मुलाने तीनच रंगांच्या पट्ट्यांचं चित्र आणलं होतं. त्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या का नाहीत यावर तो आणि त्याचा मित्र अर्धा तास बोलले. दोघांपैकी एकही कलाशाखेचा नव्हता. चित्र खिडकीच्या उन्हात नको, हीटरच्या वर नको, हे सगळ्यांना पाठ होतं. माझी नात आणि तिची रूममेट कुठल्या भिंतीवर कुणाचं चित्र यावर चांगल्या भांडल्या, मग पलंगच हलवले.

इथे मला औंध आठवलं. सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभं केलं, यमाईच्या डोंगरावर. राजे स्वतः चित्रं काढत. रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत, हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्प आहे. मी दरवर्षी एसटीने मुलं घेऊन जायची. डोंगर चढून दमलेली मुलं रविवर्म्यासमोर गप्प होत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तासाभरात शिट्टी वाजवून त्यांना खाली आणावं लागे, शेवटची गाडी चुकायला नको म्हणून. त्या मुलांपैकी एखाद्याच्या घरी एक चित्र चार महिने राहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार ओबर्लिनला माझ्या मनातून गेला नाही.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. मी ज्या शाळांत शिकवलं त्यातल्या एका शाळेत, नाव लिहीत नाही, मुलांची चित्रं व्हरांड्यात लावायची परवानगी मी तीनदा मागितली. भिंत खराब होते, असं उत्तर आलं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला अ श्रेणी मिळवलेल्या मुलांची स्मरणचित्रं, संकल्पचित्रं कपाटात बंद राहिली आणि एका पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली. ती चित्रं मी स्वतः जाळली. अजून सलते ती गोष्ट.

ओबर्लिनला मुलांवर टाकलेला विश्वास फक्त चित्रांपुरता नाही. काही वसतिगृहांची स्वयंपाकघरं मुलांची सहकारी संस्था चालवते, १९५०पासून. किराणा आणणं, रांधणं, भांडी, हिशेब, सगळं मुलंच बघतात, आणि प्रत्येकाला आठवड्याचे तास वाटून दिलेले असतात. नातीची पाळी होती त्या दिवशी मीही गेले. साठ-सत्तर पानांचा स्वयंपाक, पातेलं इतकं मोठं की ढवळायला दोघं लागत होती. मी मसूर डाळीला लसूण-मोहरीची फोडणी दिली तेव्हा चर्र आवाजाला आठ-दहा मुलं धावत आली. गणित शिकणारा, एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा कणीक इतकी सुंदर मळत होता की मी त्याचा हात थांबवून तळवा बघितला. पावाचं काम त्याच्याकडेच असतं, असं कळलं.

मुलांनी मुलांना शिकवायचे वर्गही आहेत, १९६८पासून, 'एक्सको' म्हणतात त्याला. विषय शिकवणाऱ्याने सुचवायचा, आणि त्याचे क्रेडिटही मिळतात. पुढच्या वर्षी रांगोळीचा वर्ग घ्यायचा असं नातीच्या मनात आहे. पंधरा ते आठ ठिपक्यांची कशी मांडायची ते तिने माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. गावाच्या मधल्या टॅपन स्क्वेअरमध्ये मोठे दगड आहेत, त्यांवर मुलं रंगवत असतात. कुणाचा वाढदिवस, कुणाचं नाटक, कुणाचा निषेध, थरावर थर. मी एका दगडाच्या कडेला निघालेला टवका पाहिला, त्यात रंगांचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे दिसत होते.

आता जे पटलं नाही ते. रात्रभराची रांग मला सुंदर वाटली, पण ज्याला दमा आहे किंवा पहाटे कामावर जायचं आहे त्याने काय करावं? थोडी चित्रं तरी चिठ्ठ्या टाकून द्यावीत असं मला वाटतं. दुसरं फीचं. वर्षाची शिकवणी फीच साठ हजार डॉलरच्या वर आहे. माझ्या नातीला शिष्यवृत्ती नसती तर हे दार आमच्यासाठी नव्हतंच. पाच डॉलरचं कौतुक करताना तो आकडा लपवला तर मी वाचकांशी खोटं वागेन.

जाणाऱ्यांसाठी: संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते. रेंटल साधारण सप्टेंबर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतं, नक्की तारीख मुलांकडून घ्या. राहायची जागा आधी नीट चौकशी करून ठरवा. आम्ही गावाबाहेर जिथे उतरलो तिथे रात्री गरम पाणी नव्हतं आणि सांगूनही कुणी आलं नाही. शाल बरोबर ठेवा. आणि मुलं रांगेत बसली असतील तर खायला घेऊन जा, पण आपल्या मुलापुरतं नव्हे, दहाजणांना पुरेल एवढं.

मी ऑक्टोबरमध्ये कराडला परतले. डिसेंबरात चित्र परत करायच्या आदल्या रात्री नातीचा फोन आला. तिकडे रात्र, इकडे मी सकाळचा चहा घेत होते.

"आजी, तो काळा कोपरा आठवतो? प्लेट ॲसिडमध्ये जास्त राहिली म्हणाली होतीस?"

"हो."

"तसं नाहीये ते. तिचा दुसरा पाय आहे तिथे. ती एका पायावर उभी आहे, आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने घोटा चोळतेय. खूप वेळ उभी असणार गं ती. मला आज दिसलं, फ्रेम पुसताना."

सप्टेंबरात मी त्या चित्रासमोर निदान वीस मिनिटं बसले होते. मी तिला म्हटलं, लगेच फोटो काढून पाठव.

"काढला," ती म्हणाली. "फोटोत नाही दिसत."