कानात बसणारं मशीन आणि कोकणचा पावसाळा

एसटीत चालक म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी चिपळूण-कराड मार्गावर. जुन्या गाड्यांत इंजिन चालकाच्या डाव्या मांडीला लागून असायचं. भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली घाट चढताना त्या बॉनेटखालून जो आवाज यायचा, त्यात कंडक्टरची घंटा कळली तरी पुष्कळ. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबलच्या वरचा आवाज कानाला घातक धरतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तोवर डावा कान जास्त आणि उजवा थोडा कमी, असे दोन्ही गेले होते.

ऐकू येत नव्हतं असं नाही. आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. बायको स्वयंपाकघरातून काही बोलली की काहीतरी बोलली एवढं समजायचं, काय बोलली ते विचारायला उठून जावं लागायचं. फोनवर कोणी सात म्हणालं की आठ, याचा अंदाजच. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासून मशीन जुळवून देणाऱ्या बाईकडे, तपासणी केली तेव्हा तिने आलेख समोर ठेवला. उजव्या कानाची लाल रेघ, डाव्याची निळी. खालच्या पट्टीत, म्हणजे जाड आवाजात, दोन्ही रेघा बऱ्यापैकी वर, आणि ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीच्या बारीक आवाजात, दोन्ही खाली गेलेल्या. "काका, मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा आलेख असाच येतो," म्हणाली. स, श, फ, थ ही अक्षरं त्याच वरच्या पट्टीत असतात, म्हणून वाक्य ऐकू येतं आणि शब्द निसटतो.

ऐकायचं मशीन कोणतं घ्यायचं यावर आमचं थोडं वाजलं. तिचा कल कानामागे बसणाऱ्या, बारीक वायर कानात जाणाऱ्या प्रकाराकडे होता. माझ्यासारख्या कानाला तो सोयीचा, कारण कान मोकळा राहतो. मला मात्र चष्मा आहे, स्कूटर चालवतो म्हणून हेल्मेट आहे, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कानामागून घामाची धार लागते. शिवाय चारचौघांत दिसू नये हेही मनात होतंच, उगीच सोवळेपणा कशाला करू? शेवटी कानाच्या मापाने बनवलेलं, आत बसणारं घ्यायचं ठरलं.

त्यातही आकार आहेत. सगळ्यात लहान ते पार आत जातं, बाहेरून फक्त काढायचा नायलॉनचा दोरा दिसतो. त्याला पिवळ्या कागदाची १० नंबरची बॅटरी लागते. माझी बोटं स्टिअरिंग धरून जाड झालेली, ती बॅटरी हातात घेतली तर सापडेना. शिवाय त्या आकारात दोन मायक्रोफोन सहसा मावत नाहीत, त्यामुळे समोरच्याचा आवाज पुढे आणि मागचा गोंगाट मागे ही सोय मिळत नाही. मी घेतलं ते त्याहून एक पायरी मोठं, कानाच्या तोंडाशी भरून बसणारं. त्याला तपकिरी कागदाची ३१२ नंबरची बॅटरी. आवाज कमीजास्त करायचं बटण आहे, दोन मायक्रोफोन आहेत. ब्लूटूथ नाही, मला नकोच होतं. उजव्याला लाल खूण आणि डाव्याला निळी, आलेखासारखीच. जोडी मला ७८ हजारांना पडली. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

माप घेताना घाबरण्यासारखं काही नसतं. आधी कानात दुर्बिणीने बघतात, मग दोरा बांधलेला छोटा बोळा आत सरकवतात, म्हणजे मसाला पडद्यापर्यंत जात नाही. पिचकारीने मऊ मसाला भरतात, काही मिनिटांत तो घट्ट होतो, आणि दोरा ओढला की कानाचा ठसा हातात. मला मध्येच तोंड उघड-मीट करायला लावलं. जेवताना, बोलताना जबडा हलला की कानाची नळी आकार बदलते, आणि तसा ठसा घेतला नाही तर मशीन सैल बसून शिटी मारतं. कानात मळ असेल तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरकडून काढून घ्यावा लागतो, नाहीतर ठसाच चुकीचा येतो.

पहिले काही आठवडे त्रासाचे. स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. कुरडई खाल्ली की बाकी जगाचं काही ऐकू येत नाही. मशीनला हवेसाठी आरपार बारीक भोक असतं, ते माझ्यासाठी थोडं मोठं करून घेतलं तेव्हा घुमणं कमी झालं. फार मोठं केलं की आवाज बाहेर येऊन परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिटी सुरू होते, त्यामुळे मधलं काहीतरी गाठावं लागतं. आवाजही पहिल्याच दिवशी पूर्ण लावत नाहीत, हळूहळू वाढवतात. दुकानदार असा धीर धरणारा नसेल तर कितीही महागडं मशीन घ्या, ते चार दिवसांत कपाटात जाईल. म्हणून मी कंपनीपेक्षा माणूस बघा म्हणेन. फोनाक, सिग्निया, ऑटिकॉन, वाइडेक्स सगळ्यांची बरी मशीनं आहेत. तुमच्या गावापासून तासाभरात कोण बसतो आणि तो पुन्हापुन्हा जुळवून देतो का, हे महत्त्वाचं. आणि ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळतात ती आवाज मोठा करायची यंत्रं. त्यांना तुमच्या आलेखाशी देणंघेणं नसतं, सगळंच सरसकट मोठं करतात. माझ्या कानाला खालच्या पट्टीत मदत फारशी नकोच आहे.

फायदा किती झाला ते सांगतो. घरात शांततेत समोरासमोर बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं. फोन सरळ कानाला लावता येतो, कारण मायक्रोफोन कानाच्या तोंडाशीच आहे. कानामागच्या मशीनवाल्यांना फोन वर सरकवून धरावा लागतो. हेल्मेट घालता-काढता शिटी येते, एकदा बसलं की गप्प. गणपतीत आरतीच्या झांजांना मी आवाज खाली घेतो. लग्नात बँड सुरू झाला की सरळ काढून डबीत. एसटी स्टँडवरची घोषणा मात्र अजून कळत नाही. ज्यांनी ती कधी ऐकली आहे त्यांना माहीत आहे की त्यात मशीनचा दोष नाही. दहा माणसं एकदम बोलत असतील तर अजूनही निम्मं जातं. कोणी सांगेल की या मशीनने तरुणपणाचे कान परत येतात, तर तो विकायला बसलाय.

आता देखभाल, कारण खरी परीक्षा तीच आहे. कानामागच्या मशीनचा महागाचा भाग कानाच्या बाहेर, मळापासून लांब असतो. आपलं सगळं मशीन मळ आणि घाम असलेल्या जागी दिवसभर बसतं. आवाज बाहेर पडतो त्या टोकाला एक टाचणीच्या डोक्याएवढी जाळी असते, मळाचा फिल्टर. गाडीचा एअर फिल्टर चोंदला की इंजिन दम टाकतं, तसंच हे. पहिल्याच पावसाळ्यात माझं डावं मशीन बंद पडलं. एका दुकानात, नाव लिहीत नाही, सांगितलं की स्पीकर गेला, कंपनीला पाठवावं लागेल, खर्च येईल. मी तसंच उचलून आमच्या ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. तिने फिल्टर बदलला आणि मशीन बोलायला लागलं.

तेव्हापासून फिल्टर मी स्वतः बदलतो. पाकिटात बारीक दांड्या येतात, एका टोकाला नवा फिल्टर, दुसऱ्या टोकाला जुना उपसायचा आकडा. आकडा टोचायचा, सरळ ओढायचा, दांडी फिरवायची, नवा दाबायचा. चष्मा लावून, पांढऱ्या कापडावर बसून करा, खाली पडला तर सापडत नाही. प्रत्येक कंपनीचा फिल्टर वेगळा, वाइडेक्सचा नॅनोकेअर ऑटिकॉनच्या मशीनला चालत नाही, तेव्हा मशीनबरोबरच दोन पाकिटं घेऊन ठेवा. फिल्टर नसताना मशीन कानात घालू नका आणि त्या भोकात टाचणी तर अजिबात नको. आतला स्पीकर टाचणीने मेला तर वॉरंटीवाला हात वर करतो.

पुसायचं ते सकाळी. रात्री काढल्यावर मळ ओला असतो, ब्रश मारला की पसरतो आणि आत शिरतो. रात्रभरात तो वाळतो, सकाळी ब्रशने पटकन पडतो. भोक जमिनीकडे धरून ब्रश मारायचा, म्हणजे कचरा खाली पडतो. मायक्रोफोनच्या बाजूला हलक्या हाताने, आणि ब्रश आधी मळाच्या बाजूला फिरवून मग मायक्रोफोनकडे न्यायचा नाही, आधी मायक्रोफोन. हवेच्या भोकातून नायलॉनचा जाड दोरा आरपार घालून काढायचा. पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर काहीही नको, कोरडं मऊ कापड पुरतं. हात धुऊन पुसून मगच हात लावायचा. हे आमच्याकडे मुद्दाम सांगावं लागतं, कारण डोक्याला खोबरेल लावलेलं असतं आणि बोटांचं तेल मशीनला लागतं. कान दुखला की रात्री तेल सोडायची सवयही बंद करा. सकाळी मशीन घातलं की ते तेल थेट फिल्टरमध्ये.

आणि पावसाळा. जूनपासून आमच्याकडे मीठ पाणी होतं, चपला बुरसतात, मशीन कसं वाचेल? रात्री बॅटरी काढून, झाकण उघडं ठेवून, मशीन सिलिका जेलच्या डबीत. दाण्यांचा रंग बदलला की ते दमले असं समजायचं, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवायचे किंवा नवे आणायचे. बॅटरी त्या डबीत ठेवायची नाही. ती हवेवर चालते आणि तिथे वाळून जाते. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला मला शेजारच्याने दिला होता. तांदळाची पूड मायक्रोफोनच्या भोकात जाते, तो सल्ला ऐकू नका. पावसात भिजलं तर आधी बॅटरी काढा, मग मशीन पुसून डबीत टाका. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारायची नाही, उन्हात ठेवायचं नाही, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर नाहीच.

बॅटरीचा कागद काढला की ती चालू होते, परत चिकटवला तरी थांबत नाही. कागद काढून मिनिटभर तरी हवेत ठेवा, मग आत घाला, जास्त टिकते. माझी आठवडाभर जाते, पावसाळ्यात थोडी कमी. संपत आली की मशीन दोनदा सूचनेचा आवाज देतं, म्हणून खिशात बॅटऱ्यांचं एक पाकीट असतंच. नाण्यांबरोबर सुटी बॅटरी ठेवू नका, धातूला लागून संपते. घरात लहान मूल असेल तर कुलुपात ठेवा. आणि म्हाताऱ्यांनो, रक्तदाबाच्या गोळीच्या शेजारी तर अजिबात ठेवू नका. बॅटरी गोळी समजून गिळणारी माणसं आहेत.

पैशाची अडचण असेल त्यांनी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करावी. तिथे १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींचंच काम चालतं. उत्पन्न कमी असलेल्यांना केंद्राच्या योजनेतून यंत्र मिळू शकतं. ते बहुधा कानामागचं असतं, पण चांगलं जुळवून दिलेलं कानामागचं मशीन कपाटातल्या महागड्यापेक्षा बरं.

माझ्या मशीनला मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो रोजच्या कामाचा. ज्याला सकाळची पाच मिनिटं द्यायची नाहीत, ज्याची बोटं थरथरतात आणि घरात करून देणारं कोणी नाही, त्याने हा प्रकार घेऊ नये. माझ्याबरोबर वस्तीच्या गाडीवर असायचा तो कंडक्टर गेल्या महिन्यात माझं मशीन बघायला आला, त्याला असंच पाहिजे होतं. त्याचा डावा कान लहानपणापासून वाहतो. म्हटलं, वाहणाऱ्या कानात हे बूच घालून हवा बंद करू नकोस, आधी डॉक्टरला दाखव. त्याने दाखवलं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि आता त्याचं कानामागचं मशीन जुळवून घ्यायचं चाललंय.